पळणारी गाडी नाक्यावरच का सापडते

रात्री साडेबाराच्या सुमारास माहीमहून वांद्र्याकडे जात होतो. टॅक्सीवाल्याने अचानक वेग कमी केला. पुढे नाकाबंदी होती. लोखंडी बॅरिकेड एका रेषेत नव्हती: एक डावीकडून अर्ध्या रस्त्यापर्यंत आलेलं, पंधरा-वीस पावलांवर दुसरं उजवीकडून. त्यामुळे टॅक्सीला नागमोडीच जावं लागलं. चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट घातलेल्या हवालदारांनी आत टॉर्च मारला, ड्रायव्हरचा चेहरा पाहिला आणि हातानेच ‘चला’ म्हटलं.

‘पोलिसांनी पाठलाग करून गाडी अडवली, चालकाला अटक’ अशी बातमी वाचली की मला ती दोन बॅरिकेड आठवतात. बातमीत सगळा भर पाठलागावर असतो. पण पाठलाग म्हणजे पोलिसांच्या हातातलं सगळ्यात जोखमीचं हत्यार आहे, आणि ते का, हे साध्या गणिताने कळतं.

ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. समोर कुणी आलं हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी 22 ते 33 मीटर पुढे गेलेली असते. मग ब्रेक लागतो आणि कोरड्या डांबरावर थांबायला आणखी 36 मीटर लागतात. ताशी 40 ला हेच ब्रेकचं अंतर 9 मीटर असतं. वेग दुप्पट, अंतर चौपट, कारण गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते आणि ती सगळी ब्रेक-टायरच्या घर्षणात जिरवावी लागते. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ पाण्यात कालवली जाते, तेव्हा 36 चे 60 मीटर सहज होतात. कुर्ल्याला एलबीएस मार्गावर रात्री एकलाही माणसं दुभाजक ओलांडत असतात. पळणारी गाडी या माणसांपासून जितकी दूर असायला हवी, तितकीच तिच्या मागची पोलिसांची गाडीही.

आणि मागच्या गाडीतल्या माणसाला दिसतं तरी किती?

1995 साली अमेरिकेत बॉस्टनमध्ये एक पोलीस पळणाऱ्या संशयिताच्या मागे धावत होता. वाटेत, त्याच्या अगदी जवळ, इतर पोलीस एका माणसाला बेदम मारत होते. मार खाणारा साध्या वेशातला पोलीसच होता, आणि त्यालाच संशयित समजून हे चाललं होतं. धावणाऱ्या पोलिसाने पुढे शपथेवर सांगितलं की मी काहीच पाहिलं नाही. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. तो दोषी ठरला. बऱ्याच वर्षांनी तो निकाल रद्द झाला.

ख्रिस्तोफर शाब्री, डॅनियल सायमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये हा प्रसंग प्रयोग म्हणून उभा केला. एक जण पुढे धावणार, दुसऱ्याने त्याच्या मागे धावायचं आणि पुढचा किती वेळा डोक्याला हात लावतो ते मोजायचं. रस्त्याच्या कडेला मारामारीचं नाटक चालू होतं. रात्री ती मारामारी फक्त 35 टक्के लोकांना दिसली. भरदिवसासुद्धा 56 टक्क्यांनाच. ही माणसं पायी धावत होती, जिवाला धोका नव्हता, काम होतं फक्त मोजण्याचं. डोळे उघडे होते, प्रकाश डोळ्यांत शिरत होता, पण मेंदू दुसऱ्या कामाला जुंपला होता म्हणून दिसलेलं नोंदलंच गेलं नाही.

द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला फक्त पोपटाचा डोळा दिसला, झाड नाही, फांदी नाही. धनुर्धराचं ते कौतुक रास्तच आहे. पण गर्दीच्या शहरात गाडी हाकणाऱ्याला फक्त पोपटाचा डोळा दिसला, तर झाडाखाली उभ्या असलेल्यांचं काय? पाठलागात हृदयाचे ठोके वाढतात, अड्रेनलिन रक्तात उतरतं आणि लक्ष पुढच्या लाल दिव्यांवर आवळत जातं. हा पोलिसाचा दोष नाही. माणसाचा मेंदूच तसा घडला आहे.

भोंगा वाजतो म्हणून लोक बाजूला होतील, हाही भरवसा अर्धवटच. भोंगा एका स्वरावर स्थिर ठेवला आणि गाडी ताशी 80 ने तुमच्याजवळून गेली, तर येताना स्वर चढा ऐकू येतो आणि जाताना उतरलेला. हिशोब केला तर हा उतार रे वरून सा वर येण्यापेक्षा किंचित जास्त भरतो. घरात बसून हा डॉप्लर परिणाम कानाने टिपता येतो. पण काचा वर, एसी चालू, दोन्ही बाजूंना उंच इमारती, अशा वेळी आवाज भिंतींवरून परततो आणि तो नेमका कुठून येतोय हे ड्रायव्हरला कळत नाही. मग तो चुकीच्या बाजूला गाडी घेतो.

पळणाऱ्या गाडीपेक्षा वेगवान अशी एकच गोष्ट पोलिसांकडे आहे: वायरलेस. दहिसरहून क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पोलीस मुख्यालयापर्यंतचं तीसेक किलोमीटरचं अंतर रेडिओलहर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात कापते. तेवढ्यात ताशी 80 ने पळणारी गाडी जेमतेम दोन मिलिमीटर सरकते. वेळ जातो तो बोलण्यात. खरखरीत ‘सत्तावन्न’ आणि ‘सत्त्याण्णव’ यांत गफलत व्हायला वेळ लागत नाही, म्हणून वायरलेसवर गाडीचा नंबर एकेक अंक सुटा करून सांगायचा आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा, ही रीत आहे. निरोप लांबतो, पण चूक टळते.

निरोप पोचला की मुंबईचा भूगोल पोलिसांच्या बाजूने उभा राहतो. रस्त्यांच्या जाळ्याचे दोन तुकडे करायला कमीत कमी किती दुवे तोडावे लागतील, हा गणितातला नावाजलेला प्रश्न आहे. दिल्लीसारख्या चहूबाजूंनी पसरलेल्या शहरात ते उत्तर मोठं येईल. मुंबई सात बेटांची. माहीम आणि वांद्रे जोडणारा कॉजवे 1845 साली झाला, सी-लिंक 2009 मध्ये. आजही शहराबाहेर पडायचे मोठे रस्ते बोटांवर मोजता येतात: दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी आणि 2024 पासून अटल सेतू. सी-लिंकवर शिरलेल्याला 5.6 किलोमीटर मध्ये कुठेच उतरता येत नाही. ताशी 80 ने ही चार मिनिटं होतात, आणि पलीकडच्या टोकाला तयारीत उभं राहायला तेवढी पुरतात.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ हेच झालं. पळवलेल्या स्कोडा गाडीचा निरोप वायरलेसवर आधीच आला होता, बॅरिकेड लागली होती. गाडी अलीकडेच थांबली आणि वळायचा प्रयत्न फसला. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि तो जिवंत पकडला गेला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. यातलं धैर्य विज्ञानाने मोजता येत नाही.

आता त्या नागमोडी बॅरिकेडकडे पुन्हा पाहू. दोन बॅरिकेडमधून जाणारं वळण 12 मीटर त्रिज्येचं असेल, तर कोरड्या डांबरावर ताशी 33 किलोमीटरपेक्षा वेगाने ते घेताच येत नाही, टायर घसरतात. ओल्या रस्त्यावर ही मर्यादा 25 पर्यंत खाली येते. गाडी कितीही महागडी असो, इंजिन कितीही ताकदीचं असो, या आकड्यात ते येतच नाही. टायरची पकड आणि वळणाची त्रिज्या, एवढंच येतं.

अटक झाल्यावर, गर्दी पांगल्यावर रस्त्यावर दोघं-तिघं उरतात. एक जण टेपचं टोक पायाखाली दाबून धरतो, दुसरा काळ्या टायरखुणेच्या शेवटापर्यंत चालत जातो, तिसरा पंचनाम्याच्या कागदावर लिहून घेतो: 32 मीटर. नव्या गाड्यांत एबीएसमुळे, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकमुळे, खुणा फिकट उमटतात, तेव्हा टॉर्च तिरपा धरून शोधाव्या लागतात. चालक म्हणत असतो, ‘साहेब, चाळीसनेच होतो.’ घर्षणाचा गुणांक (टायरच्या पकडीचं माप) 0.7, गुरुत्वत्वरण 9.8 आणि खुणेचे 32 मीटर या तिघांचा गुणाकार करायचा, त्याची दुप्पट करून वर्गमूळ काढायचं. उत्तर सेकंदाला 21 मीटर येतं, म्हणजे कमीत कमी ताशी 75 किलोमीटर.