काठी शेवटी घ्या

दोन वर्षांपूर्वी मी एक काठी मागवली. सात फुटी, कार्बनची, मुठीच्या वर ‘मीडियम हेवी, फास्ट’ असं छापलेली. अमेरिकेतल्या बास माशाच्या शिकारीचे व्हिडिओ रात्र रात्र बघितल्याचा तो परिणाम. बेळगावजवळच्या खानापूरच्या मामांनी ती हातात घेतली, हवेत दोनदा झटकली, टोकाकडे बघितलं आणि विचारलं, “हे घेऊन खट्टे चाललास?”

“तळ्यावर.”

“कुठला मासा धरणार?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दुपारी तीन गळांचे जुडगे लटकवलेला माझा प्लास्टिकचा मासा कमळाच्या देठांत दोनदा अडकला. तिसऱ्यांदा अडकला तो तिथंच राहिला, गाठीजवळ तुटलेल्या तंगुसासकट, म्हणजे गळाच्या दोरीसकट. मामांकडं माणग्याची काठी होती. माणगा म्हणजे आतून जवळजवळ भरीव असणारा कळक, आणि त्याला बांधलेलं जाडजूड तंगूस. संध्याकाळी त्यांच्या पिशवीत हातभर मरळ होता.

माझी काठी वाईट नव्हती. मी खरेदीची सुरुवातच उलट्या टोकानं केली होती. आधी काठी, मग तिला शोभेल असं रीळ, मग दुकानदार देईल ती दोरी, आणि शेवटी दिसायला सुंदर असलेलं खोटं आमिष. पाण्याचा विचार कुठंच नाही.

मुळात बास आपल्याकडचा मासाच नाही. ज्याच्यासाठी अमेरिकेत एवढा सगळा बाजार उभा आहे, तो मोठ्या तोंडाचा बास उत्तर अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला. त्याच्या वंशाला ‘मायक्रोप्टेरस’, म्हणजे ‘छोट्या पराचा’, असं नाव मिळालं तेही एका गफलतीतून. 1802 साली लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञापुढं जो नमुना आला त्याचा पर फाटलेला होता, आणि तो तुकडा म्हणजे वेगळा छोटा पर आहे असं त्यानं धरलं. जपानमध्ये हा मासा 1925 साली मुद्दाम नेऊन सोडला. तिथं आता तो स्थानिक माशांच्या मुळावर उठलेला परका मानला जातो, आणि गंमत म्हणजे जागतिक विक्रमाची बरोबरीही तिथंच झाली. जॉर्जिया राज्यात 1932 साली पकडलेल्या दहा किलोंच्या बासला 2009 साली बिवा सरोवरातल्या एका बासनं गाठलं. आपल्या धरणांत तो कुणी आणून सोडू नये, एवढंच मी म्हणेन.

चोरला घाट उतरून गोव्यात गेलो की ताटात येणारा चोणक, म्हणजे कोकणातला जिताडा, त्याला इंग्रजीत आशियाई समुद्री बास म्हणतात. पण ते नावापुरतं नातं, कूळ वेगळं. बासची जागा आपल्या तळ्यात खरी चालवतो तो मरळ. तोही झाडोऱ्यात दबा धरून बसतो, बेडूक-मासोळी दिसली की झडप घालतो. म्हणून अमेरिकेतलं बासचं सामान मरळाला चालतं. मात्र कुठलं सामान, हे पाणी ठरवतं.

आमच्याकडं पाण्याचे दोन स्वभाव. खानापूरच्या बाजूला जांभ्याची माती, त्यामुळं जून-जुलैत मलप्रभा चहासारखी लाल वाहते. पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडं काळी जमीन, तिथलं पावसाळी पाणी राखाडी आणि गढूळ. हिवाळ्यात दोन्हीकडं पाणी निवळतं. गढूळ पाण्यात वीतभरापलीकडचं दिसत नाही, तरी मासा उपाशी राहत नाही, कारण त्याच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत बारीक छिद्रांची एक ओळ असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. त्या छिद्रांच्या आत जेलीत रुतलेल्या केसाळ पेशी असतात. आपल्या कानाच्या आतल्या पेशी याच जातीच्या. जवळचं पाणी जरा हललं की ते केस वाकतात आणि माशाला हालचाल कळते. ही जाणीव लांबवर पोचत नाही, साधारण त्याच्या एक-दोन अंगलांबीइतकीच. पण तेवढ्या अंतरात अंधारातही नेम चुकत नाही.

म्हणून लाल पाण्यात रंगापेक्षा थरथर महत्त्वाची. तारेला फिरतं पातं लावलेलं आमिष मिळतं, ते घेताना पात्याचा आकार बघावा. गोल, रुंद पातं पाणी जास्त ढकलतं, हळू ओढलं तरी धडधडत फिरतं. विळ्याच्या पात्यासारखं लांबट पातं वेगानं फिरतं, चमकतं जास्त, हलवतं कमी. गढुळाला गोल, निवळाला लांबट. तोंडाशी प्लास्टिकची जीभ असलेल्या खोट्या माशाचंही तसंच. ओढलं की पाणी त्या जिभेवर आपटतं, दोन्ही कडांवरून आळीपाळीनं भोवरे सुटतात आणि आमिष डावी-उजवीकडं डुलतं. फिनलंडच्या लाउरी रापालानं 1936 साली असा पहिला मासा बुचाच्या लाकडातून कोरला. वरून चॉकलेटची चांदी चिकटवली आणि पाणी लागू नये म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. आजही माझा विश्वास असल्या हातच्या आमिषांवर जास्त आहे. घरातल्या जुन्या चमच्याचा दांडा कापून दोन्ही टोकांना भोकं पाडली तरी चालणारं आमिष तयार होतं. फक्त चमचा कुणाचा गेला हे घरात कळू देऊ नये.

रंगाबद्दल मात्र दुकानदारांचं ऐकू नका. बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, एक लाल बाजूची आणि एक हिरव्या बाजूची. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी ठरावीक रंगाच्या नळीला तोंड मारलं की खाऊ, अशी बासना सवय लावली आणि मग रंग बदलून बघितले. लाल आणि हिरवा मासे सहज ओळखत. पण पोपटी-पिवळा आणि पांढरा, किंवा काळा आणि गडद निळा यांत घोटाळत. म्हणजे डब्यात काळं आणि निळं अशी दोन आमिषं ठेवून आपण फक्त आपलीच करमणूक करतो.

मरळासाठी पाण्यावर टाकतात त्या रबरी, खोट्या बेडकाचं तर आणखी वेगळं. पाण्याखालून वर बघणाऱ्या डोळ्याला बाहेरचं सगळं जग सुमारे 97 अंशांच्या एका गोल खिडकीत दाटलेलं दिसतं. खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे आरसा, त्यात तळाचंच प्रतिबिंब. मीटरभर खोल असलेल्या माशाची ही खिडकी सव्वादोन मीटर रुंद. पाण्यावर तरंगणारा बेडूक तिच्याबाहेर असेल तर माशाला दिसतं ते फक्त बुडालेलं पोट आणि हलणारे पाय. खिडकीत आला तरी दिसतं पोटच, आभाळाच्या उजेडावर काळी आकृती. त्याच्या पाठीवरच्या नक्षीचे पैसे आपण आपल्या डोळ्यांसाठी देतो. आणि याच खिडकीच्या कडेला बांधावर ताठ उभे असलेले आपणही त्याला दिसत असतो. मामा बांधावर उकिडवे बसतात ते गुडघे चांगले आहेत म्हणून नव्हे.

कमळ, जलपर्णी, शेवाळ असलेल्या तळ्याला हा पोकळ रबरी बेडूकच हवा. त्याचे दोन गळ टोकं वर करून अंगाला चिकटलेले असतात, त्यामुळं तो पानांवरून सरपटत जातो आणि अडकत नाही. माशानं चावला की रबर दबतं आणि गळ बाहेर येतात. इथं नवखा माणूस हमखास चुकतो. पाण्याचा धडाका ऐकला की लगेच झटका मारतो आणि रिकामा बेडूक कपाळावर येतो. मरळ तोंड झटकन उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. हे सेकंदाच्या अगदी लहानशा भागात होत असलं, तरी पानांच्या थरातून बेडूक पुरता आत जायला वेळ लागतो. दोरी चालायला लागली की मगच झटका.

आणि हा झटका दोरीतून तिथवर पोचायला हवा. दोरीची निवड इथं सुरू होते.

साधं तंगूस म्हणजे नायलॉन. नायलॉनचा शोध 1935 सालचा, अमेरिकेतला, त्याआधी रेशमाच्या किड्याच्या आतड्यासारख्या ग्रंथीतून ओढलेला तार वापरत. तंगूस ताणतं. तुटायच्या आधी ते पाव हिस्सा लांबलेलं असू शकतं, शिवाय पाणी शोषून थोडं मऊही पडतं. वीस मीटरवर बेडूक आहे आणि तंगूस झटक्यात नुसतं दहा टक्के ताणलं असं धरा, म्हणजे दोन मीटर गेले. काठीचं टोक आपण फार तर दीड-दोन मीटर मागं ओढतो. म्हणजे सगळा झटका तंगुसानंच गिळला, गळापर्यंत काही गेलंच नाही. मामांना हा प्रश्न येत नाही. त्यांचं तंगूस काठीएवढंच लांब, चार-पाच मीटर.

लांब फेकायचं आणि झाडोऱ्यातून ओढून काढायचं, तर विणलेली दोरी घ्यावी. ती पॉलिथिनची असते, दुधाच्या पिशवीच्या जातीचीच. फक्त तिचे रेणू प्रचंड लांब असतात आणि ओढून एका दिशेनं सरळ केलेले असतात. गोळी अडवणारी जाकिटंही याच धाग्याची होतात. तीन-चार टक्क्यांवर ताणत नाही, पाण्यावर तरंगते, कमळाचा देठ करवतीसारखा कापते. दोष दोन. एक, ती निसरडी, साधी गाठ सुटून येते, म्हणून दुहेरी फेरे घालावे लागतात. दुसरा, निवळलेल्या पाण्यात ती ठसठशीत दिसते. मग पुढं फ्लोरोकार्बन नावाच्या पारदर्शक प्लास्टिक तारेचा हातभर तुकडा जोडतात. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वाकतो त्याचं माप, 1.33, फ्लोरोकार्बनचा 1.42, नायलॉनचा 1.5 च्या वर. पाण्याशी फरक जितका कमी, तितका तार कमी चमकतो. लाल पाण्यात या तुकड्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

जाडीचा एक हिशेब लक्षात असू द्या. ताकद जाडीवर नव्हे, छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. 0.30 ऐवजी 0.40 मिलिमीटरचं तंगूस घेतलं तर जाडी तिसऱ्या हिश्शानं वाढते, ताकद जवळजवळ पावणेदोन पट. आणि गाठ आवळण्याआधी ती थुंकीनं ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणानं नायलॉन तापतं, आणि तुटतं ते बरोबर तिथंच. माझं पहिलं आमिष असंच गेलं.

आता काठी. लोकांना वाटतं लांब काठीनं मासा उचलणं सोपं जातं. उलट आहे. सात फुटी, म्हणजे सुमारे 2.1 मीटरची काठी दोन हातांत धरली आणि हातांतलं अंतर तीस सेंटीमीटर असलं, तर टोकाला काटकोनात ओढणारा एक किलो वरच्या हाताला सुमारे सात किलो वाटतो. ही तरफ माशाच्या बाजूनं चालते. काठी वाकते म्हणून आपण वाचतो. वाकली की तरफेचा हात आखूड होतो आणि हिसका मुरतो. ‘मीडियम हेवी’ म्हणजे बऱ्यापैकी ताठ, ‘फास्ट’ म्हणजे फक्त टोकाचा तिसरा हिस्सा वाकणारी, ‘मॉडरेट’ म्हणजे मध्यापर्यंत वाकणारी. बेडूक आणि विणलेल्या दोरीला फास्ट हवी, कारण रबर दाबून गळ रुतवायचा असतो. जिभेच्या डुलणाऱ्या माशाला, ज्याचे बारीक गळ ओठातून फाटून निघतात, मॉडरेट. कार्बन हलका आणि ताठ, पण मोटारसायकलवर बांधून नेताना दगडावर आपटला की आतून तडकतो आणि पुढच्या माशाला मोडतो. फायबर ग्लास जड, पण मार खातो. पोरांना पहिली काठी फायबर ग्लासचीच द्यावी. काठीवर आमिषाचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, ते मात्र पाळावं. हलक्या आमिषानं जड काठी वाकत नाही, आणि न वाकलेली काठी ताकद साठवत नाही, फेक पायाशी पडते.

म्हणजे माझी ती मीडियम हेवी, फास्ट काठी बेडकासाठी अगदी बरोबर होती. मी तिला चुकीचं आमिष आणि ताणणारं तंगूस बांधून तळ्यावर नेलं होतं.

जाण्याआधी तळ्याचा ठेका कुणाचा आहे ते विचारून घ्यायचं. धरणाच्या पाण्यावर तर आधी परवानगी. आणि पावसाच्या सुरुवातीला पाण्यावर तांबूस पिल्लांचा बुचका उकळल्यासारखा हलताना दिसला, तर तिथं बेडूक फेकायचा नाही. खाली आई-बाप राखणीला असतात. ते भुकेनं नव्हे, रागानं चावतात, आणि त्यांना उचललं की पिल्लं इतर माशांच्या पोटात. मामा असल्या जागी काठी गुंडाळून बिडी पेटवतात.

एरवी ते पाण्याकडं बघत बसतात. मरळाला कल्ले पुरत नाहीत, थोड्या थोड्या वेळानं वर येऊन हवा घ्यावीच लागते, नाहीतर तो पाण्यातही गुदमरतो. कमळाच्या दोन पानांमध्ये ‘टप्’ असा आवाज होतो, एक बुडबुडा, एक वलय. गेल्या भाद्रपदात मामांनी कोपरानं मला डिवचलं ते त्या आवाजावर. बेडूक वलयाच्या दोन हात पलीकडं टाकला, पानावर चढवला, कडेपर्यंत आणला आणि थांबलो.

“ओढू नको,” मामा पुटपुटले. “बघूदे त्याला.”