क्लोरीनचा साठा आणि ऑन-साइट इमर्जन्सी प्लॅन : कोणाला लागतो, काय जोडायचं, फाईल परत का येते

घातक रसायन साठवणाऱ्या जागेत अपघात झाला तर कुंपणाच्या आत कोणी काय करायचं, हे लिहिलेला कागद म्हणजे ऑन-साइट इमर्जन्सी प्लॅन. तो मंजुरीला जाऊन परत आला की नगरपरिषदेत एकच वाक्य ऐकू येतं, 'वरचे लोक मुद्दाम अडवतात.' एखाद्या वेळी तसं होतही असेल. पण परत आलेल्या फायली उघडून पाहिल्या तर त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा सापडतात, आणि त्यातल्या बऱ्याच टाळता येतात. हे टिपण त्या चुकांबद्दल आहे. उदाहरण क्लोरीन वापरणाऱ्या जलशुद्धीकरण केंद्राचं घेतलंय. गळती झाली म्हणून गावाचं पाणी आठवडाभर बंद ठेवता येत नाही, त्यामुळे तिथे प्लॅन खरोखर वापरायची वेळ येऊ शकते. खासगी कारखान्यालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी कायदा, थोडक्यात. घातक रसायनांचं उत्पादन, साठवण आणि आयात याबद्दलचे १९८९ चे नियम पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आले. फायलींवर ते 'एमएसआयएचसी' या नावाने असतात. त्यातला नियम १३ ऑन-साइट प्लॅनचा. कारखाना कायद्यातही भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली, ४१-ब कलम घालून हाच प्लॅन मुख्य निरीक्षकांच्या मान्यतेने करायला सांगितला गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्यापासून 'कारखाना कायदाच गेला, आता प्लॅन कशाला?' असं विचारणारे भेटतात. १९८९ चे नियम कामगार कायद्याखालचे नाहीतच. ते जागच्या जागी आहेत.

तुम्हाला लागू होतो का : अकरा टनर की बारा

क्लोरीनची मर्यादा आहे १० टन. पाणीपुरवठ्यात वापरला जाणारा टनर, म्हणजे क्लोरीनचा मोठा आडवा सिलिंडर, साधारण ९०० किलो क्लोरीनचा असतो. अकरा टनर म्हणजे ९.९ टन, बारा म्हणजे १०.८. त्यामुळे अकरावर थांबलेले बरेच स्टॉक रजिस्टर पाहायला मिळतात, आणि पाहणीला आलेला निरीक्षक रजिस्टर बाजूला ठेवून सरळ शेडमध्ये जातो. तिथे दहा रांगेत उभे, एक वजनकाट्यावर चालू, एक उतरवून घेतलेला पण चलनाची नोंद बाकी. झाले बारा.

मोजायचा असतो तो एखाद्या दिवशी जास्तीत जास्त असू शकेल असा साठा. आजचा साठा किंवा वर्षाची सरासरी धरून चालत नाही. जूनच्या आधी, घाटातला रस्ता बंद पडेल या धास्तीने, दोन गाड्या जादा मागवल्या जातात. तो आकडा धरा. दुसरं म्हणजे, त्याच मालकीची दुसरी साठवण ५०० मीटरच्या आत असेल तर दोन्ही साठे एकत्र मोजले जातात. जुनं केंद्र टेकडीवर आणि नवं पायथ्याशी, दोन्हीकडे सात-सात टनर, आणि अर्जात 'प्रत्येकी ६.३ टन, नियम लागू नाही' असं लिहिलेलं. हे उत्तर टिकत नाही.

साठा २५ टनांच्या वर गेला, म्हणजे अठ्ठावीस टनर झाले, की प्रकरण वाढतं. मग सुरक्षा अहवाल लागतो, आणि बाहेरच्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र सुरक्षा ऑडिट, तेही दर वर्षी. ऑडिट झाल्यावर ३० दिवसांत त्याची प्रत स्वतःच्या अभिप्रायासह पाठवायची असते. बरेच जण अहवाल पाठवतात, अभिप्राय विसरतात.

बर्फ कारखानेवाल्यांचेही फोन येतात. अमोनियाची मर्यादा ६० टन आहे. बहुतेक बर्फ कारखाने तिच्या जवळपासही जात नाहीत. त्यांनी या फायलीच्या मागे लागू नये, आपले व्हॉल्व्ह आणि पाइप तपासावेत.

अर्ज कोणाकडे

केंद्राची कारखाना म्हणून नोंदणी असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. कारखाना म्हणून न मोडणारा अलग साठा असेल तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ. टनर साठवायचा पेसोचा (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचा) परवाना या दोन्हींपेक्षा वेगळा. 'पेसोचा परवाना आहे, मग प्लॅन कशाला?' हा युक्तिवाद करू नका, त्यात फक्त वेळ जातो. ऑनलाइन नोंदणी, स्कॅन करून कागद चढवणं, पोच जपून ठेवणं हे तुम्हाला सांगायला नको.

नव्वद दिवसांचा गैरसमज

सगळ्यात जास्त नुकसान करणारा मुद्दा हा. 'केंद्र चालू झाल्यापासून नव्वद दिवसांत प्लॅन द्यायचा' असं सल्लागारही छातीठोकपणे सांगतात. नियमात नव्वद दिवस आहेत, पण ते नियम लागू झाले तेव्हा आधीपासून चालू असलेल्या जागांसाठी होते, म्हणजे १९८९ च्या आसपासच्या. ती सवलत कधीच संपली. नव्या केंद्राला प्लॅन काम सुरू होण्याआधी तयार हवा, आणि जागेची सूचना, म्हणजे इथे घातक रसायन ठेवणार असल्याचं लेखी कळवणं, त्याहून आधी, काम सुरू होण्याच्या किमान तीन महिने. उद्घाटनाची तारीख पालकमंत्र्यांच्या सोयीने ठरते आणि फाईल त्यानंतर हलते. पत्रिका छापल्यावर पोहोचलेल्या फायलीला कोणताही अधिकारी घाईत मान्यता देणार नाही, आणि देऊही नये.

जुन्या केंद्रात नवी क्लोरीन शेड बांधून साठा वाढवला असेल तरी आधी दिलेली सूचना सुधारून द्यावी लागते. 'केंद्र तर तीस वर्षांपासून आहे' हे तिथे कामाला येत नाही.

सही कोणाची

केंद्र ठेकेदार चालवतो, म्हणून सही ठेकेदाराची. प्लॅन सल्लागाराने लिहिला, म्हणून शिक्का सल्लागाराचा. दोन्ही फायली परत येतात. सही ऑक्युपायरची, म्हणजे कायद्याने त्या जागेची अंतिम जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याची, लागते : खासगी कंपनीत संचालक, पालिकेच्या केंद्रात कारभारासाठी नेमलेला अधिकारी. तशी नेमणूक झाली असेल तर तिचा आदेश जोडा. झाली नसेल, आणि बऱ्याच ठिकाणी झालेली नसते, तर आधी तो आदेश काढून घ्या. मुख्याधिकारी बदलून गेले की नवा आदेश. ठेकेदाराची माणसं प्लॅनमध्ये नावानिशी असावीतच, कारण रात्री दोन वाजता तिथे तीच असतात. पण जबाबदारी त्यांच्या गळ्यात मारून मोकळं होता येत नाही.

कोणाकडेच नसलेला कागद

बाकीचे कागद धावपळ केली तर जमतात : पेसोचा परवाना, जागेचा नकाशा, क्लोरीनचं सुरक्षा माहितीपत्रक, साठ्याचा तक्ता, विमा, उपकरणांची चाचणी प्रमाणपत्रं. अडतो तो बाहेरच्या मदतीचा कागद. नियमांच्या ११ व्या अनुसूचीत बाहेरून कोण मदत करणार, कोणत्या प्रकारच्या अपघातात, त्यांच्याकडे काय काम आणि त्यांच्याशी संपर्क कसा ठेवणार, हे विचारलेलं आहे. त्यामुळे संमतीचं पत्र मागितलं जातं. ठाणे-रायगडच्या रासायनिक पट्ट्यात कारखान्यांचे परस्पर मदतीचे गट आहेत, तिथे हे पत्र मिळतं. पण तालुक्याच्या गावाला क्लोरीनची गळती बंद करू शकणारा शेजारी आणायचा कुठून?

म्हणून लोक 'अग्निशमन दल मदत करेल' असं एक वाक्य लिहून टाकतात. त्या दलाकडे श्वसनसंच नसतो, क्लोरीन किट (टनरची गळती बंद करायची अवजारं) नसतं, आणि मुख्य म्हणजे त्यांना यातलं काही माहीत नसतं. निरीक्षक तिथे फोन लावतो आणि फाईल परत येते.

यातून वाट आहे. ज्या पुरवठादाराकडून टनर येतात त्याच्याकडे गळती आवरणारं पथक आहे का ते विचारा आणि किती तासांत पोहोचेल ते लेखी घ्या. पुढच्या पुरवठा निविदेतच ती अट घाला, म्हणजे नंतर पाया पडावं लागत नाही. जवळच्या एमआयडीसीच्या अग्निशमन केंद्राला पत्र द्या. गावच्या दलाला केंद्रावर बोलवून शेड दाखवा आणि त्या भेटीच्या नोंदीवर दोन्हीकडच्या सह्या घ्या. पथक यायला तीन तास लागणार असतील तर तीनच लिहा, आणि त्या तीन तासांत तुमची माणसं काय करणार ते सविस्तर लिहा. 'तात्काळ' हा शब्द वाचून कोणाचंच समाधान होत नाही.

रुग्णालयाचंही तसंच. नुसतं नाव आणि अंतर पुरत नाही, सोय पुरेशी आहे का हेही सांगायचं असतं. ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजनच्या किती खाटा आहेत ते वैद्यकीय अधीक्षकांच्या पत्रावर आणा.

प्लॅन आत काय बोलतो

उचलेगिरी लगेच कळते. साताऱ्याकडच्या केंद्राच्या प्लॅनमध्ये 'समुद्राकडील भिंत' वाचायला मिळाली आहे. शब्द शोधून बदलताना गावाचं नाव बदललं, भिंत राहिली.

क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड. तो वर जात नाही, जमिनीलगत सरकतो आणि खड्ड्यात, गटारात, तळघरात साचतो. तरीही प्लॅनमधली जमा होण्याची जागा असते खालच्या गेटजवळ, कारण तिथे पार्किंग आहे. आणि जागा असते एकच. वारा फिरला तर ती एकुलती एक जागा वायूच्या वाटेत येते. दोन जागा ठेवा, विरुद्ध दिशांना, शक्यतो उंचावर, आणि कुठल्याही कोपऱ्यातून दिसेल असा वातदर्शक झेंडा लावा. हे नकाशावर काढलं नसेल तर पुढचं कोणी वाचतही नाही.

टनर गळू लागला तर काय करायचं, हा भाग लोक दोन ओळींत उरकतात. तोच पानभर हवा. श्वसनसंच घातल्याशिवाय आत जायचं नाही, आणि एकट्याने तर नाहीच. अमोनियात भिजवलेला बोळा काडीला बांधून जवळ नेला की गळती असेल तिथे पांढरा धूर दिसतो. गळती द्रव बाजूला असेल तर टनर फिरवून ते तोंड वर आणायचं, म्हणजे द्रवाऐवजी वायू सुटतो आणि वेग बराच कमी होतो. गळतीवर पाणी मारायचं नाही, आम्ल तयार होऊन भोक मोठं होतं. याच्या नेमकं उलट, 'पाण्याचा जोरदार मारा करावा', असं छापलेले प्लॅन आहेत. बहुधा आगीच्या प्लॅनमधून आलेले. कॉस्टिकचा खड्डा (सुटलेला क्लोरीन शोषून घेणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा) असेल तर त्यात कॉस्टिक आहे का, हे पाहणीच्या आदल्या दिवशी तरी झाकण उचलून बघा. बऱ्याचदा पावसाचं पाणी आणि बेडूक असतात.

श्वसनसंचांची संख्या लिहिताना किती आहेत आणि त्यातल्या किती सिलिंडरात हवा भरलेली आहे, हे दोन्ही लिहा. आणि ते कपाट क्लोरीन शेडच्या आत ठेवू नका. वायू सुटल्यावर तिथपर्यंत जाणार कोण?

प्लॅन इंग्रजीत सादर केलात तरी पाच-सहा ओळींचं मराठी पान शेडबाहेर लावा. ज्यांच्यावर प्लॅनचा परिणाम होतो त्या प्रत्येकाला तो माहीत हवा, असं नियमच म्हणतो. पाहणीला आलेला अधिकारी रात्रपाळीच्या ऑपरेटरला विचारतो, 'वास आला तर काय करशील?' त्यावर 'साहेबांना फोन करीन' हे उत्तर आलं तर दीडशे पानांच्या बांधीव प्लॅनचा काही उपयोग होत नाही.

मॉक ड्रिल

दर सहा महिन्यांनी. वर्षातून दोनदा म्हणून जानेवारी आणि डिसेंबर धरणाऱ्यांचं अकरा महिन्यांचं अंतर पडतं, आणि नंतर ते पान फाईलमध्ये शोधून काढलं जातं. सविस्तर अहवाल लगेच पाठवायचा असतो, पुढच्या ड्रिलसोबत जोडून चालत नाही. अहवालात 'ड्रिल यशस्वी' एवढंच असेल तर शंका येते. सायरन ऐकू आला नाही, एक माणूस उलट्या दिशेने पळाला, संच घालायला सात मिनिटं लागली, असं काही लिहिलेलं असलं की ड्रिल खरंच झालं हे कळतं. अशा नोंदींवरून अर्ज नाकारला जाईल ही भीती सोडा. हारतुऱ्यांचे फोटो मात्र जोडू नका.

ऑफ-साइट तुमचं काम नाही, पण

कुंपणाबाहेरचा प्लॅन जिल्हा प्रशासनाचा. जिल्हाधिकारी १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांखालच्या जिल्हा आपत्ती गटाचे अध्यक्ष असतात, आणि त्या प्लॅनचा सराव वर्षातून एकदा व्हायला हवा. तो झाला नाही म्हणून तुमची फाईल अडत नाही. अडते ती तुम्ही माहिती पुरवली नाही म्हणून : वायू कुठवर पोहोचू शकतो, त्या पट्ट्यात शाळा कोणत्या, वस्ती किती. बाहेरच्या लोकांना धोका आणि घ्यायची काळजी सांगणं हेही तुमच्याकडेच आहे. 'लोक घाबरतील' म्हणून पत्रकं वाटायची टाळतात. शेजारच्या आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांची सही असलेली पोच फाईलमध्ये असेल तर हा मुद्दा एका मिनिटात मिटतो. मोठा अपघात झालाच, तर ४८ तासांत कळवायचं. पूर्ण तपशील नंतर टप्प्याटप्प्याने दिला तरी चालतो, त्यामुळे 'चौकशी पूर्ण झाल्यावर कळवू' म्हणून थांबू नका.

क्लोरीन बंद केला तर

काही केंद्रं हायपोक्लोराइटकडे किंवा जागेवरच क्लोरीन तयार करणाऱ्या यंत्राकडे वळली आहेत. साठा १० टनांखाली आला की ते लेखी कळवा, नाहीतर कागदोपत्री तुम्ही यादीतच राहता आणि ड्रिलच्या अहवालाची विचारणा येत राहते. पण कळवण्याआधी जुन्या टनरांचं बघा. जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सिलिंडरांतून क्लोरीन सुटला आणि शंभराहून जास्त लोकांना त्रास झाला. 'रिकामा' असं खडूने लिहिलेला टनर काट्यावर चढवून बघा, आतलं वजन किती उरलंय ते कळेल. पुरवठादाराने तो परत नेल्याची पावती, टनरच्या नंबरासह, पत्राला जोडा. ती नसेल तर साठा संपल्याचं तुमचं पत्रही त्रुटी निघून परत येईल.