‘रेव्होल्यूशन’ की ‘रेव्होल्यूशन १’? बीटल्सच्या एका गाण्याची दोन रूपे

बीटल्सचे आपले सर्वांत आवडते गाणे ‘रेव्होल्यूशन’ आहे असे कोणी सांगितले, की त्याला लगेच विचारावे लागते, कोणते ‘रेव्होल्यूशन’? या नावाची तीन ध्वनिमुद्रणे १९६८ या एकाच वर्षात बाजारात आली. त्यांपैकी ‘रेव्होल्यूशन ९’ हा संवादांचे तुकडे, गर्दीचे आवाज आणि उलट्या फिरवलेल्या फिती यांचा आठ मिनिटांहून लांब कोलाज आहे. त्याच्याविषयीचा गोंधळ केवळ नावापुरता असून पहिल्या काही सेकंदांतच तो मिटतो. खरी गल्लत उरलेल्या दोहोंची होते. ऑगस्ट १९६८ मध्ये ‘हे जूड’ या सिंगलच्या, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणे असलेल्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला आले ते ‘रेव्होल्यूशन’, आणि त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला निघालेल्या, पांढऱ्या वेष्टनामुळे ‘व्हाइट अल्बम’ या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या दोन तबकड्यांच्या अल्बममध्ये चौथ्या बाजूच्या सुरुवातीला आहे ते ‘रेव्होल्यूशन १’. गायक जॉन लेननच, चाल तीच, शब्दही जवळजवळ तेच. पण दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली, तर ती एकाच माणसाने एकाच उन्हाळ्यात गायली आहेत यावर चटकन विश्वास बसत नाही.

ओळखण्याची खूण सोपी आहे. सिंगलवरचे गाणे कानठळ्या बसवणाऱ्या, फाटलेल्या आवाजाच्या गिटारने सुरू होते आणि त्यावर लगेच लेननची किंकाळी येते. सारा खेळ साडेतीन मिनिटांच्या आत आटोपतो. अल्बमवरच्या गाण्याच्या तोंडाशी ध्वनिमुद्रण अभियंता जेफ एमरिक टेकचा (गाणे मुद्रित करण्याच्या प्रयत्नाचा) क्रमांक पुकारताना ऐकू येतो, लेनन त्याला होकार देतो आणि मग एक सैल, डुलणारी ब्लूजची लय सुरू होते. पुढे पितळी वाद्ये येतात, पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन पन्नाशीच्या दशकातल्या डू-वॉप गटांसारखे ‘शू-बी-डू-वॉप’ म्हणत राहतात आणि सव्वाचार मिनिटांनी गाणे हळूहळू विरत जाते.

क्रमांकामुळे मात्र भल्याभल्यांची फसगत होते. सिंगल आधी निघाले आणि अल्बम जवळजवळ तीन महिन्यांनी, त्यामुळे अल्बमवरचे गाणे म्हणजे सिंगलची नंतर केलेली संथ आवृत्ती असावी, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. नावातला ‘१’ अगदी रास्त आहे, कारण ते गाणे खरोखरच आधी मुद्रित झाले होते.

लेननने हे गाणे लिहायला घेतले ते १९६८ च्या सुरुवातीला ऋषिकेशला, महर्षी महेश योगींच्या आश्रमात चारही बीटल्स ध्यान शिकायला गेले होते त्या काळात. सगळे ठीक होईल, असे ध्रुवपदात वारंवार येणारे आश्वासन त्या वास्तव्यातल्या मनःस्थितीतून आले, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. बाहेर त्या वेळी काहीच ठीक नव्हते. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध लंडनच्या ग्रोव्हनर चौकात मार्चमध्ये हिंसक निदर्शने झाली होती आणि मे महिन्यात पॅरिसमधले विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर उतरले होते. मे अखेरीस हॅरिसनच्या ईशर येथील घरी चौघांनी नव्या गाण्यांचे कच्चे नमुने फितीवर घेतले, त्यांत हे गाणे साध्या अकूस्टिक गिटारवर, टाळ्यांच्या साथीने आहे. त्यानंतर ३० मे रोजी अ‍ॅबी रोडवरच्या, ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीच्या स्टुडिओत अल्बमचे काम सुरू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी घेतलेले गाणे हेच होते.

त्या दिवशीचा अठरावा टेक दहा मिनिटांहून अधिक चालला. त्याचा पहिला, गाण्यासारखा भाग म्हणजे ‘रेव्होल्यूशन १’. शेवटचा आरडाओरड्याचा भाग कापून काढला गेला आणि तोच पुढे ‘रेव्होल्यूशन ९’चा पाया झाला. म्हणजे अल्बमवरची ही दोन गाणी, जी ऐकताना एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहणार नाहीत असे वाटते, ती मुळात एकाच फितीची दोन टोके आहेत. लेननला आवाजात एक शिथिलपणा हवा होता, म्हणून ४ जून रोजी त्याने स्टुडिओच्या जमिनीवर उताणे पडून मुख्य गायन केले. ही हकिकत ठाऊक झाल्यावर गाणे पुन्हा ऐकले, तर स्वर छातीतून जोर लावून न येता जणू आपोआप बाहेर सांडतो आहे, हे जाणवल्यावाचून राहत नाही. जूनच्या उत्तरार्धात दोन ट्रम्पेट आणि चार ट्रॉम्बोन त्यावर चढवले गेले.

हेच गाणे बीटल्सचे पुढचे सिंगल म्हणून काढावे, असा लेननचा आग्रह होता. मॅकार्टनी आणि हॅरिसन यांना ते त्यासाठी फार संथ वाटले. लेनन चिडला, पण हटला नाही. संथ आहे म्हणता, तर मग हे घ्या, अशा जिद्दीने त्याने जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तेच गाणे वेगाने आणि जितके कर्कश करता येईल तितके कर्कश करून नव्याने मुद्रित करायला लावले. एवढे करूनही समोरची बाजू ‘हे जूड’ला मिळाली आणि ‘रेव्होल्यूशन’ मागे गेले. सात मिनिटांहून लांब असलेले ‘हे जूड’ अमेरिकेत लोकप्रियतेच्या यादीत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले हे पाहता निर्णय चुकला असे म्हणता येत नाही; तरी ‘रेव्होल्यूशन’ही त्याच यादीत स्वतंत्रपणे बाराव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, ही मागच्या बाजूच्या गाण्यासाठी साधी गोष्ट नव्हती.

सिंगलवरच्या त्या गिटारविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण या गाण्याच्या प्रेमात पडलेल्या बहुतेकांचे प्रेम मुळात त्या आवाजावर असते. एरवी इलेक्ट्रिक गिटार अँप्लिफायरला जोडतात, अँप्लिफायरच्या स्पीकरसमोर माइक ठेवतात आणि माइकने टिपलेला आवाज फितीवर जातो. येथे एमरिकने अँप्लिफायर आणि माइक दोन्ही वगळून गिटारची तार थेट मिक्सिंग कन्सोलमध्ये खोचली आणि एका प्रीअँपमधून (क्षीण संकेत वाढवणाऱ्या मंडलातून) बाहेर पडलेला संकेत दुसऱ्या प्रीअँपमध्ये घातला, दोन्हींची पातळी त्यांच्या सोसण्यापलीकडे नेऊन. संकेत मावेनासा झाला की त्याची वरची-खालची टोके छाटली जातात आणि मूळ स्वरात नसलेले कित्येक उपस्वर त्यात मिसळतात. कानाला जी खरखर आणि किरकिर जाणवते ती यामुळे. अँप्लिफायरचा स्पीकर या खरखरीची धार थोडी बोथट करतो. येथे तो मध्ये नव्हताच, म्हणून हा आवाज कापडावर कातर चालवावी तसा उघडा आणि कोरडा येतो. ईएमआयच्या शिस्तीत यंत्रांशी असा खेळ करणे हा गुन्हाच होता. त्यात रिंगो स्टारचे ड्रम दाबून एका ठोक्यागणिक एक हातोडा पडावा असे केलेले आणि बाहेरून बोलावलेल्या निकी हॉपकिन्सचा इलेक्ट्रिक पियानो, जो या सगळ्या राड्यात एकटाच नाचत बागडत येतो.

आता शब्द. गाण्याचा आशय थोडक्यात असा, की जग बदलावे असे आम्हालाही वाटते, पण तुम्ही विध्वंसाची भाषा करू लागलात, तर मला त्यातून वगळा. सिंगलमध्ये लेनन येथे ‘आउट’ म्हणतो आणि पुढे जातो. ‘रेव्होल्यूशन १’ मध्ये ‘आउट’ म्हटल्यावर, श्वासाच्या अंतरावर, तो ‘इन’ही म्हणतो. आपला निश्चय होत नव्हता म्हणून दोन्ही ठेवले, असे त्याने नंतर सांगितले. श्रोत्यांना मात्र आधी निश्चयी उत्तर मिळाले आणि द्विधा मनःस्थिती नंतर, कारण गाणी उलट्या क्रमाने बाहेर आली. ऑगस्ट अखेरीस सिंगल दुकानांत पोहोचले, तेव्हा शिकागोत निदर्शकांवर पोलिसांच्या लाठ्या पडत होत्या आणि प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरलेले होते. अशा वेळी सबुरीचा सल्ला देणारे गाणे डाव्या विचारांच्या तरुणांना दगा वाटले, आणि लंडनच्या ‘ब्लॅक ड्वार्फ’ या नियतकालिकात तर लेननला उद्देशून अनावृत पत्रच छापले गेले, ज्याला त्याने त्याच नियतकालिकातून उत्तर दिले. माओच्या तसबिरी मिरवणाऱ्यांना टोमणा मारणारी ओळ त्याला त्या वेळी गाण्यातली सर्वांत महत्त्वाची वाटत होती. १९७२ पर्यंत ती घालायला नको होती, असे तो म्हणू लागला होता.

या वादात एक गोष्ट बहुधा निसटते. सिंगलचे शब्द शांत राहा म्हणतात आणि त्याचा आवाज मोडतोड करतो. संथ गाण्यात आवाज निवांत आहे आणि घालमेल शब्दांत आहे. म्हणून एक जहाल आणि दुसरे मवाळ अशी जी सरधोपट वाटणी केली जाते, ती टिकत नाही. जो मवाळ विचार मांडतो तो जहाल आवाजात, आणि जो जहालपणाला अर्धे दार उघडे ठेवतो तो जमिनीवर पडून. आपल्याकडच्या श्रोत्याला येथे ख्यालातल्या विलंबित आणि द्रुताची आठवण येईल, परंतु विलंबितामागून येणाऱ्या द्रुत बंदिशीचे शब्द सहसा वेगळे असतात, आणि ती आधीच्या बंदिशीला खोडून काढायला आलेली नसते. येथे तेच शब्द लय बदलताच स्वतःच्या विरुद्ध साक्ष देऊ लागतात.

खुद्द बीटल्सनीही ही सीमारेषा पाळली नाही. ४ सप्टेंबर १९६८ रोजी ट्विकनहॅम येथे मायकेल लिंडसे-हॉग याच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी दूरचित्रवाणीसाठी या गाण्याचे चित्रीकरण केले. वाद्ये सिंगलच्या ध्वनिमुद्रणातली आहेत, पण गायन कॅमेऱ्यासमोर नव्याने केलेले आहे. सुरुवातीची किंकाळी मॅकार्टनी फोडतो, तो आणि हॅरिसन अजून न निघालेल्या अल्बममधले ‘शू-बी-डू-वॉप’ म्हणतात आणि लेनन ‘आउट’नंतर ‘इन’ म्हणतो. शरीर एकाचे आणि जीभ दुसऱ्याची असे हे तिसरेच रूप आहे, आणि ज्यांना निवड करायचीच नाही त्यांनी खुशाल त्याच्या आश्रयाला जावे.

निवड करायचीच झाली, तर माझे मत सिंगलच्या बाजूने आहे. ‘रेव्होल्यूशन १’ अधिक प्रामाणिक आहे हे मान्य. माणसाचे मन बनत असताना ते पकडले गेले आहे असे गाणे विरळाच. पण त्यातली पितळी वाद्ये आणि मागचे लाडिक कोरस मिळून त्या प्रामाणिकपणाला गादीवर लोळवतात, आणि तिसऱ्या मिनिटाच्या सुमारास लक्ष दुसरीकडे जाऊ लागते. सिंगलमधला अंतर्विरोध पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत कानाला टोचत राहतो. १९८७ मध्ये नायकीने बुटांच्या जाहिरातीत मूळ ध्वनिमुद्रण वापरले, बीटल्सच्या अ‍ॅपल कंपनीने त्यावर दावा लावला आणि तो दोन वर्षांनी तडजोडीने मिटला. तेव्हाही जाहिरातवाल्यांनी उचलले ते हेच रूप होते, कारण त्या गिटारकडे दुर्लक्ष करणे कोणालाच जमत नाही.

ज्यांना माझे म्हणणे तपासून पाहायचे असेल, त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. सिंगल मोनोमध्ये, म्हणजे सारा आवाज एकाच वाहिनीतून येतो अशा रूपात, ऐकावे. ‘व्हाइट अल्बम’वर ते शोधूनही सापडणार नाही, ‘पास्ट मास्टर्स’ या संग्रहात ते आहे, पण तेथे ते स्टिरिओत असते आणि मोनो मिश्रणासाठी मोनो संचाकडेच वळावे लागते. स्टिरिओत गिटार आणि इतर वाद्ये वेगवेगळ्या बाजूंना पांगतात आणि मूळची एकवटलेली धडक विरते; लेननला स्वतःलाही ते स्टिरिओ रूप मुळीच रुचले नव्हते. आणि ‘रेव्होल्यूशन १’ नुसते अल्बमवरचे न ऐकता २०१८ च्या पन्नासाव्या वर्षाच्या संचातला संपूर्ण अठरावा टेक ऐकावा. त्यात गाणे विरून न जाता पुढे चालू राहते, लेननचा स्वर हळूहळू किंचाळण्याकडे झुकतो आणि शांत गाण्यातून गोंगाट कसा उगवला ते मधली एकही पायरी न गाळता कळते. ते दहा मिनिटे ऐकल्यावर कोणी आपले मत ‘रेव्होल्यूशन १’च्या पारड्यात टाकले, तर माझी काही हरकत असणार नाही.