कृपया रेकॉर्डिंग ‘साफ करून’ पाठवू नका
(लाइव्ह कॉन्सर्टच्या रेकॉर्डिंगची दुरुस्ती आणि रीमिक्स: ग्राहकांसाठी माहिती)

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच फाइलींसोबत एक ओळ असते: “तुमचं काम हलकं व्हावं म्हणून थोडं साफ करून पाठवतोय.” यामागची भावना आम्हाला कळते. पण आमचा सगळ्यात जास्त वेळ याच साफसफाईचे परिणाम निस्तरण्यात जातो, आणि एवढं करूनही गेलेला आवाज पुष्कळदा परत मिळत नाही. म्हणून हे पत्रक. तुम्ही स्वतः बँडमधले आहात किंवा वर्षानुवर्षं बँडसोबत फिरलेले आहात, त्यामुळे मिक्सर म्हणजे काय, मॉनिटर म्हणजे काय, हे सांगत बसत नाही.

खरखर काढणारं बटण

नॉइज कमी करणारं सॉफ्टवेअर आधी खरखरीचा नमुना घेतं आणि मग त्या त्या पट्टीतला (म्हणजे फ्रिक्वेन्सीतला) आवाज सगळीकडून वजा करतं. भाषणाच्या रेकॉर्डिंगवर हे बऱ्यापैकी चालतं. रॉक कॉन्सर्टमध्ये मात्र टेपची हिस, म्हणजे सतत ऐकू येणारा सूं सूं आवाज, ज्या पट्टीत असते, त्याच पट्टीत सिंबलची विरत जाणारी झणझण असते, स्नेअरच्या तारांची थरथर असते, डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारची धार असते आणि गायकाचे ‘स’ आणि ‘श’ही असतात. बटणाला यातलं काहीच ओळखता येत नाही. सिंबलवर काठी पडल्यानंतरचे तीन-चार सेकंद कान देऊन ऐका. मूळ रेकॉर्डिंगमध्ये आवाज सलग विरत जातो. ‘साफ’ केलेल्यात तो मध्येच तुटतो, पुन्हा येतो, पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. रीमिक्स करताना आम्ही वरच्या पट्ट्या थोड्या उचलल्या की सगळ्यात आधी हेच बुडबुडे वर येतात.

हिस तशीच राहिली असती तर बँड वाजायला लागल्यावर ती संगीताच्या आड गेली असती. तुटलेला सिंबल कशाच्याही आड जात नाही.

एमपी३चंही तेच. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचा बहुतेक आवाज काढून टाकलेला असतो, आणि ती फाइल पुन्हा वेव्हमध्ये (न दाबलेल्या फाइलमध्ये) बदलली तरी तो परत येत नाही, फक्त फाइल मोठी होते. नुसता आवाज वाढवला असेल आणि शिखरं कापली गेली नसतील, तर फारसं बिघडत नाही. लिमिटर (ठरावीक पातळीच्या वरचा आवाज दाबणारं साधन) लावून वाढवला असेल तर मात्र ड्रमचा ठोका चपटा झालेला असतो, आणि तो पुन्हा टोकदार करणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

गाण्याआधीचे चार ठोके कापू नका

दुसरी साफसफाई म्हणजे गाणी सुटी करणं आणि मधली ‘रिकामी’ जागा काढून टाकणं. तिच्यामुळे आमचं नुकसान याहूनही जास्त होतं.

छोट्या हॉलमध्ये ड्रम आणि गिटारचे अँप स्टेजवरूनच इतके मोठे ऐकू येतात की साउंड इंजिनिअर ते स्पीकरमध्ये फारसे सोडत नाही. त्यामुळे मिक्सरवरून घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये गायक अंगावर येतो, गिटार दूर कुठेतरी असते आणि श्रोते जवळजवळ नसतातच. प्रेक्षकांत बसून कोणी रेकॉर्ड केलं असेल तर त्यात नेमकं उलट असतं. दोन्ही मिळाली की त्यांचा मेळ घालून उत्तम मिक्स होतो. पण दोन्ही मिलिसेकंदापर्यंत जुळावी लागतात. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे स्टेजपासून ३४ मीटरवरच्या रेकॉर्डरपर्यंत तो सेकंदाच्या एक दशांशाने उशिरा पोहोचतो. तसंच सोडलं तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो.

जुळवायचं कशाच्या आधारावर? ड्रमर गाणं सुरू करताना काठीवर काठी मारून ‘एक, दोन, तीन, चार’ देतो, त्या ठोक्यांच्या आधारावर. तेव्हा बाकी काहीच वाजत नसतं आणि लाकडाचा तो ठोका सुईसारखा टोकदार असतो. स्क्रीनवर दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये तो स्वच्छ दिसतो, मग टोकावर टोक ठेवायचं. पुढे आणखी एक अडचण असते: दोन रेकॉर्डरची घड्याळं कधीच अगदी सारखी चालत नाहीत. त्यांच्यात दहा लाखांत २० भागांचा फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांची तफावत पडते. म्हणून प्रत्येक गाण्याच्या तोंडाशी ते ठोके आणि शेवटी शेवटचा दणका, असे टेकू आम्हाला कार्यक्रमभर लागतात. गाणी सुटी करताना कापलं जातं ते नेमकं हेच.

त्याच जागेत विजेची घरघर आणि टेपची हिस संगीताशिवाय ऐकू येते. आम्हाला नमुना घ्यायचाच झाला तर तिथूनच घेतो. काठीचा ठोका संपल्यावर हॉल किती वेळ घुमतो, हेही तिथेच कळतं. शिवाय दोन गाण्यांमधल्या टाळ्या आणि गायकाने मारलेल्या हाका नसतील तर अख्खा कार्यक्रम पुन्हा एकसंध जोडता येत नाही. तेव्हा रेकॉर्डर सुरू केल्यापासून बंद करेपर्यंतची सलग फाइल पाठवा. ट्रॅक सुटे असतील तर सगळे एकाच शून्यापासून सुरू होऊ द्या, मग त्यातला एखादा ट्रॅक अर्धा तास गप्प असला तरी चालेल.

कॅसेट किंवा टेप असेल तर

घरच्या डेकवर वाजवून रेकॉर्ड करू नका, कॅसेट तशीच द्या. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर या वेगाने चालते आणि तिच्यावरचे ट्रॅक अतिशय अरुंद असतात. वाजवणाऱ्या हेडचा कोन जरासा चुकला तरी वरच्या पट्ट्या बोथट होतात, आणि मग ग्राहक ट्रेबल वाढवून पाठवतात. आम्ही प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन नव्याने लावतो. त्या टेपला जुळेल तोच कोन बरोबर. डॉल्बी बी किंवा सी (हिस कमी करण्याच्या पद्धती) लावून रेकॉर्ड केलं असेल आणि ते आठवत असेल तर तसं लिहून द्या.

बँडची गिटार कोणत्या स्वराला लावलेली असायची, हेही लिहा. टेपचा वेग सुमारे ६ टक्के चुकला की सगळं अर्ध्या स्वराने सरकतं. पण अनेक बँड मुळातच अर्धा स्वर खाली लावून वाजवतात, त्यामुळे नुसत्या कानावर विसंबून वेग ठरवता येत नाही. त्या दिवशीची विजेची घरघर टेपवर उतरली असेल तर मोठा आधार मिळतो. त्या देशात वीज ५० हर्ट्झची होती की ६० ची, हे माहीत असतंच, त्यावरून वेग पडताळता येतो. ती घरघर आधीच ‘साफ’ केलेली असेल, तर हा आधारही जातो.

स्पूलची टेप वाजताना किंचाळली किंवा हेडवर चिकट काळपट थर साचला, तर ताबडतोब थांबवा. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या काही टेपांचा बाइंडर (चुंबकीय पूड टेपला धरून ठेवणारा चिकट थर) ओलावा शोषून चिकट होतो. अशी टेप नियंत्रित भट्टीत साधारण ५४ अंश सेल्सिअसला कित्येक तास ठेवली की काही काळ वाजवण्याजोगी होते. हे घरच्या ओव्हनमध्ये करू नका. सगळ्या टेपांना ही उष्णता चालतही नाही, अ‍ॅसिटेटची टेप तर त्याने कायमची खराब होते.

“आता एआय सगळं सुटं करतं ना?”

करतं, आणि आम्ही ते वापरतोही. बीटल्सच्या हॉलिवूड बोल या खुल्या प्रेक्षागृहातल्या १९६४ आणि १९६५ च्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग तीन ट्रॅकवर झालं होतं, आणि त्यावर प्रेक्षकांच्या किंकाळ्यांचा पूर आला होता. १९७७ मध्ये त्याची रेकॉर्ड निघाली. २०१६ मध्ये आवाज सुटे करण्याचं नवं तंत्र वापरून पुन्हा मिक्स झाला, तेव्हा बँड कितीतरी जवळ आला. पन्नास वर्षांनी हे जमलं, कारण मूळ तीन ट्रॅकची टेप शाबूत होती.

पण सुटं करतानाही खुणा राहतात. हॉलचा घुमारा आणि टाळ्या भलत्याच ट्रॅकमध्ये जाऊन बसतात. म्हणून आम्ही हे तंत्र गिटार दोन-तीन डेसिबलने पुढे आणणं, बेस जरा मोकळा करणं, एवढ्यापुरतंच वापरतो. याहून चांगला मार्ग म्हणजे मूळ मल्टीट्रॅक, म्हणजे वाद्यं आणि गायक वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेलं रेकॉर्डिंग. आमच्याकडे येण्याआधी बँडच्या तेव्हाच्या साउंड इंजिनिअरला एक फोन करा. डिजिटल मिक्सरवरून यूएसबीने घेतलेले ट्रॅक एखाद्या जुन्या हार्ड डिस्कवर पडून असू शकतात. नव्वदच्या दशकातल्या एडॅट या डिजिटल रेकॉर्डरची आठ ट्रॅकची टेप दिसायला साध्या व्हिडिओ कॅसेटसारखी असते, त्यामुळे तीही जुन्या कॅसेटींच्या ढिगात राहून गेलेली असू शकते.

आम्ही काय करतो, काय करत नाही

काही ग्राहकांना वाटतं की आम्ही काम हळू करतो. आम्ही अख्खं रेकॉर्डिंग आधी काहीही न बदलता २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला उतरवतो, पूर्ण ऐकतो, आणि मगच कशाला हात लावतो. ती अस्पर्श प्रत तयार मिक्ससोबत तुम्हाला मिळते. पुढे याहून चांगली साधनं आली तर ती तुमच्या उपयोगी पडेल, मग काम आमच्याकडून करून घ्या किंवा आणखी कोणाकडून. प्रेक्षक आम्ही पूर्ण पुसत नाही. गायकाचा सूर त्याने स्वतः सांगितल्याशिवाय सरळ करत नाही. चुकलेला सोलो तसाच ठेवतो, कारण त्या संध्याकाळी तो तसाच वाजला होता.

रेकॉर्डिंग प्रसिद्ध करायचं असेल तर वाजवणाऱ्या सगळ्यांची संमती आणि दुसऱ्यांच्या गाण्यांचे हक्क आधी बघून घ्या. ते काम आम्ही करत नाही.

फाइल आधीच ‘साफ’ झाली असेल तर मूळ प्रत शोधा. रेकॉर्डरचं मेमरी कार्ड, जुना लॅपटॉप, ज्याने रेकॉर्ड केलं त्याचा फोन, कोणाला तरी पाठवलेली लिंक, एवढ्या ठिकाणी बघा. मिळाली तर तिचं नावही न बदलता पाठवा, आणि मेसेजिंग अ‍ॅपऐवजी फाइल शेअर करण्याच्या लिंकने पाठवा, म्हणजे वाटेत ती पुन्हा दाबली जाणार नाही. नाहीच मिळाली तर आहे ती पाठवा आणि तिच्यावर काय काय केलं होतं ते आठवेल तसं लिहा. सोबत तुमच्या पसंतीच्या एका गाण्याचं नाव द्या. त्याचा नमुना आम्ही आधी करून पाठवतो, तो ऐकून बाकीच्या कार्यक्रमाचं ठरवा.