पहिला नाद टाकीचा

भाच्याची दहावी संपली आणि तो सुट्टीला कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्याकडं राहायला आला. दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "मामा, इलेक्ट्रॉनिक्स शिकायचंय. ड्रोन करूया की."

ड्रोन म्हणजे चार मोटरी, चार कंट्रोलर, तोल सांभाळणारा सेन्सर, रेडिओ, लिथियमची बॅटरी आणि या सगळ्यांना धाकात ठेवणारा प्रोग्रॅम. उडाला तर नादखुळाच. पण नाही उडाला तर दोष शोधायचा कुठं? नवशिक्याला एवढ्या गर्दीत चोर सापडत नाही. मग तो डबा माळ्यावर जातो आणि त्याच्यासोबत हौसही. आर्डुइनोवरचा, म्हणजे प्रोग्रॅम भरून चालवायच्या छोट्या बोर्डावरचा रोबो करू म्हटलं तरी तीच गत. २००५ साली इटलीत जन्मलेला तो बोर्ड चांगलाच आहे, पण पहिल्याच दिवशी तार चुकली की प्रोग्रॅम, हे कळायला आधी तार तरी ओळखीची हवी.

"बाबूराव पेंटरांनी इथंच सिनेमाचा कॅमेरा केला की," भाचा म्हणाला. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ रोज बघणाऱ्या पोरांकडं हा हुकमी पत्ता असतो. मी म्हटलं, केला. पण त्याआधी त्यांनी प्रोजेक्टर आणून चालवला होता, त्याची खोड न् खोड माहीत करून घेतली होती.

आमचं हे चालू असतानाच शेजारच्या काकूंची हाक आली, "ओऽ, टाकी वाहायलीया तुमची!" मोटर लावून आई चहाला बसली होती आणि पाणी जिन्यावरून अंगणात आलं होतं. आम्हाला पहिला प्रोजेक्ट मिळाला: टाकी भरली की वाजणारी घंटी.

पहिलं काम निवडताना मी तीनच गोष्टी बघतो. ते बॅटरीवर चालावं, भाग हाताच्या बोटांवर मोजता यावेत आणि बंद पडलं तर घरातल्या कुणीतरी कुरकुर करावी. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नुसते दिवे लुकलुकणारं खेळणं दोन दिवसांत कोपऱ्यात जातं. टाकीची घंटी बंद पडली तर आजी गप्प बसू देत नाही.

सामान म्हणजे बीसी५४७ नावाचा ट्रान्झिस्टर, १० किलोओहमचे दोन रेझिस्टर (प्रवाहाला अडवणारे; किती अडवतात तो रोध ओहममध्ये मोजतात), ४७० ओहमचा एक, एक लाल एलईडी, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, तिच्यावर वाजणारा पीझो बझर, एक खटका आणि ब्रेडबोर्ड, म्हणजे भाग नुसते खोचून जोडायची भोकांची पाटी. ब्रेडबोर्डमुळं सोल्डरिंग लांबणीवर टाकता येतं आणि चुकलं की तार उपटून दुसरीकडं खोचता येते. बझर मात्र 'बॅटरी लावली की वाजणारा' मागून घ्या; नुसती पीझो चकती बॅटरीवर एकदा टक् करते आणि गप्प होते.

ट्रान्झिस्टर हातात घेऊन बघा. काळा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, एक बाजू सपाट. सपाट बाजू आपल्याकडं आणि पाय खाली धरले, तर बीसी५४७चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. दुसऱ्या नंबरच्या ट्रान्झिस्टरमध्ये हा क्रम बदलू शकतो, त्यामुळं 'तसलाच आहे' म्हणून दिलेला घेऊ नका. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. काम तेच: बेसमधून किंचित प्रवाह गेला की कलेक्टरमधून त्याच्या शंभर-दोनशे पट प्रवाह जाऊ द्यायचा. शेतातल्या पाटाचं दार एका बोटानं उचलावं आणि पाटभर पाणी सुटावं, तसं.

आधी बझर न लावता एलईडी लावली. बॅटरीचा प्लस, मग ४७० ओहम, मग एलईडीचा लांब पाय. तिचा आखूड पाय कलेक्टरला, एमिटर बॅटरीच्या मायनसला. प्लसपासून एक मोकळी तार काढली आणि बेसपासून १० किलोओहममधून दुसरी. भाच्यानं कोरड्या बोटांनी दोन्ही तारांची टोकं धरली. एलईडी मिणमिणली. बोटं जिभेला लावून परत धरली तर चांगलीच पेटली. मग टोकं पाण्याच्या ग्लासात सोडली आणि लख्ख. त्याच्या अंगातून गेलेला प्रवाह मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाइतकाही नसेल, पण तोंड बघण्यासारखं झालं होतं.

ग्लासातल्या पाण्याचा रोध मोजायला मल्टिमीटर लावला. आकडा स्थिर राहीना, कारण प्रवाह सुरू होताच धातूच्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रिया सुरू होते. तरी साधारण २० किलोओहम धरायला हरकत नव्हती. शुद्ध पाणी वीज जवळजवळ वाहून नेत नाही; नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार ते काम करतात. आता हिशेब. पाण्याचे २० आणि रेझिस्टरचे १० मिळून ३० किलोओहम. ९ व्होल्टमधले ०.७ व्होल्ट ट्रान्झिस्टरच्या बेसवर जातात, उरलेले ८.३ भागिले ३०,००० म्हणजे सुमारे ०.२८ मिलिअँपिअर. त्याची शंभर पट २८. मग एलईडी आणि ४७० ओहम काढून त्यांच्या जागी बझर लावला; छोट्या पीझो बझरला एवढं पुष्कळ झालं. गच्चीपासून स्वयंपाकघरापर्यंत तार लांबलचक, पण तिचा रोध फार तर काही ओहम. पाण्याच्या वीस हजारांपुढं तो किस झाड की पत्ती.

पाण्यात बुडणारी टोकं तांब्याची ठेवू नयेत. का, ते बघायला आम्ही दोन तांब्याच्या तारा ग्लासात सोडून बॅटरी रात्रभर जोडून ठेवली. सकाळी प्लसची तार काळपट-हिरवी पडून झिजलेली, मायनसची शाबूत. प्लसकडचा तांब्याचा अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो. म्हणून उद्यमनगरातनं स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू आणले, प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसवले आणि ती पट्टी सांडव्याच्या पाइपाच्या चार बोटं खाली टांगली. वापराच्या टाकीत, पिण्याच्या नव्हे.

मे-जून सुरळीत गेले. मोटर लावताना आजी घंटीचा खटका चालू करायची, वाजली की दोन्ही बंद. जुलैत एका रात्री खटका चालूच राहिला आणि दोनच्या सुमाराला बझर कण्हायला लागला. पूर्ण आवाज नाही, नुसती कुईकुई. "अरं, ते काय वाजायलंय बघ की!" आजी. टाकी अर्धीच होती.

रविवारी भाचा आला आणि त्यानंच चोर पकडला. गच्चीवरच्या तारेचा जोड टेपनं गुंडाळला होता, त्यात पावसाचं पाणी शिरलं होतं. ओल्या जोडातून मेगाओहमभर, म्हणजे दहा लाख ओहम रोधाची चोरवाट तयार झाली होती. तेवढ्यातून जेमतेम ८ मायक्रोअँपिअर (मिलिअँपिअरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोअँपिअर) येतात, पण ट्रान्झिस्टर इमानदार, तोही दोनशे पट करून देतो. उपाय दुसऱ्या १० किलोओहमचा: तो बेस आणि एमिटरमध्ये लावला. आता बेसवर ०.६५ व्होल्ट तयार व्हायलाच सुमारे ६५ मायक्रोअँपिअर लागतात. चोरवाटेचे आठ परस्पर मायनसला जातात आणि टाकीच्या पाण्याचे २८० आरामात पुरून उरतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट धरतात, कारण त्याखालच्या प्रत्येक चढउताराला भोंगा वाजवून चालत नाही. आमच्या घंटीला तशी इशारा पातळी मिळाली.

भाच्याचं पुढचं ठरलंय: टाकी भरली की मोटर आपोआप बंद. त्यात रिले, म्हणजे छोट्या प्रवाहानं चालणारा खटका येतो आणि रिलेच्या पलीकडं २३० व्होल्ट. म्हणून सध्या तो त्याच रिलेवर ९ व्होल्टचा दिवा चालूबंद करत बसलाय. मोटरची वायर जोडायला वायरमन येणार, हे त्याला मान्य करायला दोन दिवस लागले.