केझेकूखन (जर्मन चीजकेक)

केझेकूखन : क्वार्क या ताज्या, मऊ, किंचित आंबट चीजपासून ओव्हनमध्ये भाजून केला जाणारा जर्मन केक. तळाला आणि कडेला खुसखुशीत पिठाचे पातळ कवच, आत अंडी, साखर, व्हॅनिला व लिंबाची किसलेली साल घातलेले क्वार्क, असे त्याचे साधे रूप असते. जर्मनीत तो बेकरीत सर्वत्र मिळतो, तरी घरोघरी केलाही जातो. रविवारी दुपारी तीन-चारच्या सुमारास कॉफीबरोबर केक खाण्याची तिथे जी रीत आहे, तिच्यातला हा ठरलेला मानकरी. ऑस्ट्रियात क्वार्कला टोपफेन म्हणतात, त्यामुळे तिथे याच जातीचा केक टोपफेनटोर्ट होतो. पोलंडचा सेर्निकही याच कुळातला.

भारतातील कॅफेंमध्ये चीजकेक म्हणून जो मिळतो, तो बहुधा अमेरिकी वळणाचा असतो : बिस्किटांच्या चुऱ्याचा तळ आणि वर क्रीम चीजचा जड, गुळगुळीत थर. क्रीम चीजमध्ये साधारण एकतृतीयांश स्निग्धांश असतो. साय काढलेल्या दुधाच्या क्वार्कमध्ये तो नावापुरताच असतो आणि वजनाचा सुमारे चारपंचमांश भाग पाणीच. म्हणून जर्मन केक उंच, हलका, कमी गोड व जरा आंबूस लागतो. त्याच्या कृतीतील जवळजवळ प्रत्येक पायरी या पाण्याचा बंदोबस्त करण्यासाठी आहे, हे ध्यानात घेतले की कृती पाठ करावी लागत नाही.

क्वार्क करताना पाश्चरीकृत दुधाला विरजण लावून ते कोमट ठेवतात. सोबत दूध गोठवणारे रेनेट हे विकर अगदी थोडे घालतात. आम्लता वाढून पीएच ४.६ च्या आसपास आला की केसीन हे प्रथिन गोठते. मग निवळी वेगळी करतात. पूर्वी ती कापडातून गाळत, आता कारखान्यात सेपरेटर वापरतात. लोणी काढून उरलेल्या दुधाचे काय करायचे, या दूधदुभत्याच्या मुलखातील प्रश्नाला क्वार्क हे चांगले उत्तर होते. डब्यावरच्या टक्केवारीने मात्र नवखा माणूस हमखास फसतो. ‘४० टक्के’ हा आकडा पाणी वगळून उरलेल्या घन भागातील स्निग्धांशाचा असतो. एकूण वजनात तो दहा-अकरा टक्क्यांच्या घरात जातो. ‘मागरक्वार्क’ म्हणजे साय काढलेल्या दुधाचे क्वार्क. घरगुती केकसाठी बहुतेक जण तेच घेतात आणि स्निग्धांशाची भर लोणी किंवा क्रीम घालून करतात.

कवचाच्या पिठाला म्युर्बटाइग म्हणतात. त्याचे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे : एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. २६ सेंटिमीटर व्यासाच्या, कडे सुटे होणाऱ्या टिनसाठी ७० ग्रॅम साखर, १४० ग्रॅम थंड लोणी, २१० ग्रॅम मैदा, एका अंड्याचा बलक व चिमूटभर मीठ पुरते. हे पीठ मळायचे नसते, फक्त गोळा होईपर्यंत एकत्र करायचे. जास्त मळल्यास मैद्यातील ग्लूटेन हे चिवट प्रथिन ताणले जाऊन कवच चिवट होते. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून ते टिनच्या तळाला व तीन-चार सेंटिमीटर उंचीपर्यंत कडेला दाबून बसवतात. तळाला काट्याने टोचे मारून १८० अंश सेल्सिअसला दहा-बारा मिनिटे आधी भाजून घेतलेला बरा. ही पायरी अनेक कृतींत नसते, पण ती गाळली की ओल्या सारणाखाली तळ कच्चा व ओलसर राहण्याची शक्यता वाढते.

सारणासाठी ७५० ग्रॅम क्वार्क, १५० ग्रॅम साखर, चार अंडी, २०० मिलिलिटर क्रीम, ७५ ग्रॅम वितळलेले लोणी, एका लिंबाची साल आणि व्हॅनिला पुडिंग पावडरची एक पुडी (सुमारे ३७ ग्रॅम) घेतात. ही पुडी जर्मन स्वयंपाकघरात रुळली, त्यात बीलेफेल्ड या जर्मन शहरातले औषधविक्रेते आउगुस्ट ओएटकर यांच्या उद्योगाचा मोठा वाटा आहे. १८९१ मध्ये त्यांनी तिथले औषधालय घेतले, बेकिंग पावडर घरगुती मापाच्या पुड्यांत विकायला सुरुवात केली आणि पुढे पुडिंग पावडरही आणली. पुडीत मुख्यतः मक्याचे स्टार्च असते. आपल्याकडची व्हॅनिला कस्टर्ड पावडर तीच गोष्ट. अंड्यातील प्रथिने साधारण ६५ अंशांच्या पुढे घट्ट होऊ लागतात, पण जास्त तापली की आवळतात आणि धरलेले पाणी सोडून देतात. स्टार्च ते पाणी शोषते व अंडी फाटू देत नाही. क्वार्कवर निवळी साचलेली असेल तर ते आधी कापडात निथळून घ्यावे, नाहीतर एवढे स्टार्चही अपुरे पडते.

अंड्याचे पांढरे वेगळे फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळले की केक अधिक फुलतो. तो ओव्हनमध्ये टिनच्या वर डोके काढतो आणि बाहेर आला की खचतो. खचणे हा दोष नाही, भेगा मात्र टाळता येतात. कडा आधी घट्ट होऊन टिनला धरून बसतात, मधला भाग थंड होताना आकसतो आणि पृष्ठभाग फाटतो. यावर जर्मन घरांतला उपाय असा : १७० अंशांवर तासभर भाजायचे असेल तर साधारण अर्ध्या तासाने टिन बाहेर काढून सारण व कवच यांच्यामधून पातळ सुरी सेंटिमीटरभर खोल गोल फिरवायची आणि टिन पुन्हा आत ठेवायचा. टिन हलवल्यावर मधला तळहाताएवढा भाग थरथरत असतानाच ओव्हन बंद करतात आणि दार किंचित उघडे ठेवून केक आतच निवू देतात. गरम केक कापण्याचा मोह आवरावा; थर रात्रभरात नीट बसतो आणि दुसऱ्या दिवशी चवही उजवी लागते.

सारणात मनुका किंवा डब्यातली संत्री घालणे जुनेच आहे. काळ्या कोको-पिठाचे तुकडे वरून विखुरले की रशियन झुप्फकूखन होतो. ड्रेस्डेनची आयरशेके मोठ्या थाटाची : खाली यीस्टचे पीठ, मध्ये क्वार्क, वर अंडी व लोण्याचा तिसरा थर. कवचाचा खटाटोप नको असलेले लोक बिनतळाचा केक करतात, आणि त्यात पाणी धरायला चक्क बारीक रवा घालतात. जिलेटिनने गोठवलेला, न भाजलेला केझेझाहनटोर्ट हा वेगळा प्रकार. त्याला या केकचा भाऊ म्हणणे ओढूनताणूनच होईल.

महाराष्ट्रात क्वार्क सहज मिळत नाही. त्याला सर्वांत जवळचा पदार्थ चक्का. मात्र दही ताजे व गोड असावे आणि चक्का चाळणीतून घासून घ्यावा. आंबट दह्याचा चक्का साखरेने झाकला जात नाही. पनीर इथे चालत नाही, कारण उष्णता व आम्ल यांनी एकदा घट्ट झालेले त्याचे कण वाटले तरी रवाळ राहतात. लहान ओटीजीत वरची कॉइल जवळ असते, म्हणून टिन सर्वांत खालच्या जाळीवर ठेवून वरचा भाग लाल होऊ लागताच फॉइलने झाकावा. जर्मनीतील अनेक मराठी घरांत ही अदलाबदल उलट्या दिशेने होते : दही टांगण्याऐवजी क्वार्कचे डबे आणून त्याचेच श्रीखंड करतात.