होडीखाली किती पाणी?

शिडाची छोटी होडी घेऊन मुंबई बंदरातून धरमतर खाडीकडे निघालात, तर दिवसाउजेडी किनारा सहसा नजरेआड होत नाही. वाट चुकण्यापेक्षा इथे तळ लागण्याची भीती मोठी. तरी नवखे लोक आधी जीपीएस विकत घेतात. जीपीएस तुमची जागा काही मीटरांपर्यंत अचूक सांगतो, पण होडीखाली किती पाणी आहे ते त्याला कळत नाही.

म्हणून मी आधी सागरी नकाशा आणि भरती-ओहोटीचं कोष्टक घ्यायला सांगेन. नकाशा डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय प्रसिद्ध करतं, तर कोष्टक सर्व्हे ऑफ इंडिया. नकाशावरची खोली मोठ्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. तुम्ही तिथे असाल तेव्हा त्या पातळीवर भरतीचं जितकं पाणी चढलं असेल, तितकं तिच्यात मिळवायचं. पण पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या भरतीचे बारा भाग केले, तर ढोबळमानाने पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. मुंबईत मोठ्या उधाणाला चढ-उतार चार मीटरांच्या वर जातो, म्हणजे मधल्या तासाला मीटरभर! ओहोटीला पाणी उतरतंही तसंच. तेव्हा चिखलात रुतलात, तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच.

नकाशा जुना होतो, गाळ सरकतो. त्यासाठी इको साउंडर, म्हणजे प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र. ध्वनी समुद्राच्या पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, त्यामुळे तीन मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी चार मिलिसेकंदांत परततो. मात्र ही खोली यंत्राच्या संवेदकापासूनची असते, होडीच्या बुडापासूनची नव्हे. सोबत दोरीला बांधलेला शिशाचा ओळंबा ठेवाच. त्याच्या बुडाला चरबी फासली की तळाची रेती किंवा गाळ चिकटून वर येतो.

मग हातात धरायचं होकायंत्र. बंदराच्या तोंडाशी १८७५चं प्राँग्ज दीपगृह आणि १८६७चं खांदेरीचं दीपगृह, दोन्हींची दिशा मोजून नकाशावर रेषा ओढल्या की त्या छेदतात तिथे तुम्ही. हेलकाव्यात पाच अंशांची चूक सहज होते. दोन किलोमीटरवर तिचे पावणेदोनशे मीटर होतात. त्याहून सरस युक्ती फुकटची आहे: किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा एकामागे एक दिसू लागल्या, की तुम्ही नेमके त्या रेषेवर.

फोन जरूर न्या, जलरोधक पिशवीत. पण होकायंत्रापासून दूर ठेवा. त्याच्या स्पीकरमधलं चुंबक सुईला ओढतं.